रिको जीआर थ्री: मोरियामांच्या हातातला कॅमेरा कोकणच्या बंदरावर

रस्त्यावरच्या छायाचित्रणात दाइदो मोरियामांचं नाव निघालं की मागोमाग रिको कंपनीचा जीआर हा खिशात मावणारा कॅमेरा येतोच. १९३८ साली जपानमधल्या इकेदा इथे जन्मलेला हा माणूस १९६१ मध्ये टोकियोला आला आणि पुढे तिथल्या शिंजुकूच्या गल्ल्या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याने पिंजून काढू लागला. रवाळ, हललेली, फोकस सुटलेली कृष्णधवल चित्रं ही त्यांची ओळख. डोळ्याला कॅमेरा न लावता, चालता चालता बटण दाबायचं ही त्यांची रीत, आणि जीआर थ्री घ्यायचा तो याच रीतीसाठी.

वजन बॅटरी-कार्डासह २५७ ग्रॅम, सेन्सर एपीएस-सी (मोठ्या कॅमेऱ्यांत असतो तेवढा), २४ मेगापिक्सेल, लेन्स २८ मिमीच्या तोडीची म्हणजे रुंद दृश्य घेणारी, छिद्र जास्तीत जास्त एफ २.८. झूम नाही, व्ह्यूफाइंडर नाही, फ्लॅश नाही. रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवर किंवा हर्णै बंदरावरच्या मासळी लिलावात या उणिवा फारशा अडत नाहीत, कारण खरं काम स्नॅप फोकस करतो, म्हणजे फोकसचं अंतर आधीच ठरवून ठेवायची सोय. अंतर १.५ मीटर, छिद्र एफ ८ ठेवा. साधारण ०.९ ते ५ मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं. त्या अंतरावर चौकट जवळपास १.९ मीटर रुंद पडते, म्हणजे कोळीण, तिची पाटी आणि समोर बोली लावणारा तिघेही मावतात. शटर १/५०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ऑटो, कमाल ६४००. उजाडण्याआधी मात्र एफ ४ आणि १/१२५ वर यावं लागतं, आणि मग फोकसची जागा बरीच आखडते.

चूक होते ती बटणात. ‘फुल प्रेस स्नॅप’ चालू असताना बटण एका दमात दाबलं तरच ठरवलेलं अंतर लागतं. बोट अर्ध्यावर अडलं की ऑटोफोकस सुरू होतो, आणि कमी उजेडात ओल्या, चकाकत्या मासळीवर तो चाचपडत बसतो. त्यापेक्षा फोकस मोडच सरळ ‘स्नॅप’वर ठेवलेला बरा. आणखी एक: हाय कॉन्ट्रास्ट कृष्णधवल मोड लावला म्हणून कोणी मोरियामा होत नाही. दुपारच्या उन्हात पापलेटाचा पांढरा पार जळून जातो, तेव्हा एक्स्पोजर −०.७ ठेवा आणि रॉ फाइल (सेन्सरची कच्ची, नंतर सुधारता येणारी प्रत) सोबत घ्याच.

बॅटरी साधारण २०० फोटोंची. दोन जादा हव्यातच. यूएसबी-सीने चार्ज होतो, ही सोय.

आता खरी अडचण. या कॅमेऱ्याला पाणी-धुळीपासून संरक्षण नाही, आणि लेन्स दरवेळी आत-बाहेर सरकते. किनाऱ्यावरची बारीक रेती आणि खारी हवा त्याच फटीतून आत जाते. सेन्सरवर धूळ बसली तर लेन्स काढून पुसता येत नाही, सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना वाळूत उतरायचं असेल तर लेन्सभोवती बसणारा जीए-१ अॅडॉप्टर आणि त्यावर ४९ मिमीचा काचेचा फिल्टर लावा. खिशात मावणार नाही, पण लेन्स वाचेल. घरी आल्यावर आधी हवा फुंकायचा ब्लोअर, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बॉडी पुसणं, मग कोरडं फडकं. लेन्स कोरडीच घासू नका, मिठाचे कण ओरखडे पाडतात. कॅमेरा एसी गाडीतून थेट जेटीवर काढलात तर काचेवर बाष्प धरतं. अर्धा तास बंद पिशवीतच राहू द्या. पावसाळ्यात सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा, आर्द्रता ४० ते ५० टक्के. लेन्सला बुरशी धरली की पुनर्विक्रीची किंमत कोसळते.

जुना घेणार असाल तर एफ १६ वर कोऱ्या भिंतीचा किंवा आभाळाचा फोटो काढून मोठा करून बघा. काळे ठिपके दिसले तर भाव पाडा किंवा सोडून द्या. लेन्स दहा-बारा वेळा उघडझाप करा. करकर ऐकू आली तर आत रेती आहे, तो कॅमेरा कितीही स्वस्त असला तरी नको.