व्हीलमॅप अ‍ॅप: बडोद्यात व्हीलचेअर घेऊन फिरणाऱ्यांसाठी (4/5)

काकूंना व्हीलचेअरवर घेऊन कुठे जायचं म्हणजे आधी फोन करून विचारणं आलंच. समोरचा म्हणतो "हो हो, येते ना व्हीलचेअर", आणि जाऊन बघावं तर दारातच तीन पायऱ्या, वर "आम्ही उचलून घेऊ ना बेन". अहो पण त्यांना उचलून घेतलेलं नको असतं, लोकांसमोर तर अजिबातच नको. म्हणून मी व्हीलमॅप वापरायला लागले, कुठल्या ठिकाणी व्हीलचेअर आत जाते ते नकाशावर रंगाने दाखवणारं अ‍ॅप. फुकट आहे, ब्राउझरमध्येपण चालतं, बर्लिनच्या सोत्सियालहेल्डन संस्थेने 2010 मध्ये सुरू केलं आणि नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेला, त्यामुळे कोणीही माहिती भरू शकतं.

मला सगळ्यात पटलं ते हे की इथे "जमेल हो" असलं मोघम काही नाही. दारात पायरी नाही आणि आतही सगळीकडे जाता येतं तर हिरवं, दारात एकच पायरी, तीही 7 सेंटीमीटरपर्यंत, आणि आतल्या मुख्य खोल्या बिनपायरीच्या तर पिवळं, नाहीतर लाल. ज्याने खुर्ची ढकललीय त्याला या 7 सेंटीमीटरची किंमत कळते. पुढची चाकं एवढीशी असतात, पायरीला अडली की खुर्ची मागे कलवायची, ती वर टेकवायची, मग मागची मोठी चाकं रेटायची, बारीक पायरी असेल तर मी एकटी करते पण उंच असली की दुसरं माणूस लागतंच, आणि बसलेल्याच्या पोटात गोळा येतो तो वेगळाच. टॉयलेटचं वेगळं दाखवतात हे फार बरं केलंय, दार निदान 90 सेंटीमीटर, आत वळायला दीड मीटर जागा, धरायला दांडे, एवढं असेल तरच ते हो म्हणतात.

एक स्टार कापला कारण हे ठिकाण दाखवतं, तिथपर्यंतचा रस्ता आखून देत नाही. फुटपाथवरून खाली उतरायला उतार आहे का, मध्येच स्कूटर आडव्या लावल्यात का, हे मी आदल्या दिवशी स्वतः चक्कर मारून बघते. आणि दुकानापुढे रॅम्प दिसला म्हणून खूश होऊ नका, बरेचसे स्कूटर चढवायला केलेले असतात. 1:12 चा उतार, म्हणजे 1 सेंटीमीटर उंचीला 12 सेंटीमीटर लांबी, धरला तर 15 सेंटीमीटरच्या पायरीला 1.8 मीटर लांब रॅम्प लागतो, एवढी जागा सोडतंय कोण!

आमच्या दांडिया बाजारकडच्या जुन्या घरांचे ओटे उंच, आणि नकाशावर जे राखाडी दिसतं ते कोणी भरलेलंच नसतं. म्हणून आम्ही दोघी टेप घेऊन जातो, खालचं टोक काकू खुर्चीतून वाकून धरतात आणि सांगतात, "अकरा. लिही, लाल कर." तुम्हीपण भरा, फक्त दाराचा फोटो खाली बसून काढा, उभ्याने वरून काढला की पायरी किती उंच ते कळतच नाही.