व्हँकुव्हरची सीबस : टगबोटींचे काम पाहण्यासाठी उत्तम जागा

पावसाळ्यात आमच्या हिंगणघाट तालुक्यात पांदण रस्त्यावर कोणाची ट्रॉली फसली, की ती बाहेर काढण्यासाठी मला ट्रॅक्टर घेऊन जावे लागते. काळ्या मातीतून भरलेली ट्रॉली ओढण्याचे हे काम मी वीस-बावीस वर्षे करीत आहे, त्यामुळे कुठेही जड ओझे ओढले जात असेल, तर माझे लक्ष आधी दोराकडे जाते. गेल्या मे महिन्यात, मृग लागण्याच्या आधी, मी मुलाकडे कॅनडातील नॉर्थ व्हँकुव्हरला तीन आठवडे राहिलो आणि तिथल्या बंदरातील टगबोटींचे, म्हणजे मोठी जहाजे ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या पण दणकट बोटींचे, काम जवळजवळ रोज पाहिले. ते ज्या सेवेमुळे पाहता आले, त्या सीबस नावाच्या प्रवासी बोटीविषयी हे लिहीत आहे. आमच्या भागातील अनेकांची मुले आता तिकडे आहेत आणि मुले कामावर गेली की भेटीला आलेल्या आईवडिलांना दिवस कुठे घालवावा हा प्रश्न पडतोच.

बरार्ड इनलेट नावाची समुद्राची एक लांब खाडी व्हँकुव्हर आणि नॉर्थ व्हँकुव्हर यांच्यामध्ये आहे. शहराकडील वॉटरफ्रंट स्थानकापासून पलीकडच्या लॉन्सडेल क्वेपर्यंत ही प्रवासी बोट 1977 पासून ये-जा करते. प्रवास साधारण 12 मिनिटांचा आहे. बस आणि रेल्वेचेच तिकीट बोटीला चालते, ते 90 मिनिटे वापरता येते आणि 65 वर्षे पूर्ण झालेल्यांना भाड्यात सवलत आहे. बोटीची दोन्ही टोके सारखी असल्याने ती धक्क्यावर वळत बसत नाही. एका बाजूच्या दारांनी लोक उतरतात आणि दुसऱ्या बाजूच्या दारांनी नवे चढतात. चढ-उताराची ही शिस्त मला फार आवडली.

पहिल्या आठवड्यात सूनबाईने हौसेने एका खाजगी सहलीच्या बोटीचे तिकीट काढून दिले होते. त्याचे पैसे सीबसच्या कितीतरी पट पडले, आणि दोन टगबोटी डोळ्यांसमोर एका मोठ्या जहाजाला वळवीत असताना माहिती सांगणारा मनुष्य किनाऱ्यावरील महागड्या घरांविषयी बोलत राहिला. ज्याला बंदराचे काम पाहायचे आहे, त्याने त्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

सीबसला उघडा डेक नाही, सगळे काचेच्या आतूनच पाहावे लागते; म्हणून थोडे आधी जाऊन पुढच्या मोठ्या काचेजवळची जागा धरावी. उत्तरेकडे जाताना उजव्या हाताला कंटेनरचे धक्के, धान्याची उंच कोठारे आणि दूरवर सेकंड नॅरोजचे पूल दिसतात, तर डाव्या हाताला गंधकाचा पिवळाधमक ढीग आणि त्यापलीकडे 1938 साली सुरू झालेला लायन्स गेट पूल दिसतो. धान्याच्या कोठारांकडे पाहताना मला आमच्या बाजार समितीची आठवण आली. कॅनडाचा मसूर आणि पिवळा वाटाणा याच बंदरातून मोठ्या प्रमाणावर बाहेर जातो, आणि डिसेंबर 2023 मध्ये आपल्याकडे पिवळ्या वाटाण्याची आयात शुल्कमुक्त झाल्यानंतर तूर-चण्याच्या भावाची चर्चा करताना आम्ही त्याचे नाव किती वेळा घेतले आहे.

एके सकाळी नांगर टाकून उभे असलेले एक रिकामे मालवाहू जहाज धक्क्याकडे नेत होते. मला वाटले होते की टगबोट दोर बांधून पुढे चालेल आणि जहाज मागे येईल. प्रत्यक्षात एक टग आपले रबराने मढवलेले नाक जहाजाच्या कुशीला टेकवून उभी होती. तिच्यामागे पाणी उकळल्यासारखे होत होते, पण जहाज हलताना दिसत नव्हते. मिनिटभराने पलीकडच्या डोंगराशी ताडून पाहिले, तेव्हा कळले की ते वळते आहे. या टगबोटींचे पंखे तळाखाली पूर्ण गोल फिरतात, त्यामुळे बोट न वळवताही हव्या त्या दिशेला जोर लावता येतो. आपण ट्रॅक्टरचा एचपी विचारतो, तशी तिकडे टगची ओढ टनांत सांगतात. तिला किनाऱ्यावरच्या खुंट्याला बांधून, पूर्ण जोर लावून ती मोजलेली असते.

मला सर्वांत जास्त शिकवले ते तेलाच्या जहाजाने. अल्बर्टातून येणाऱ्या ट्रान्स माउंटन तेलवाहिनीची क्षमता मे 2024 मध्ये दिवसाला 3 लाख बॅरलवरून 8 लाख 90 हजार बॅरलपर्यंत वाढली, तेव्हापासून या खाडीतून तेलाच्या जहाजांची ये-जा पुष्कळ वाढली आहे. ती जहाजे सेकंड नॅरोज या अरुंद जागेतून बाहेर पडतात. तिथे भरती-ओहोटीचा प्रवाह जोरदार असतो, आणि 1979 साली धुक्यात एका मालवाहू जहाजाने तिथल्या रेल्वेपुलाला धडकही दिली होती. म्हणून भरलेले जहाज पाणी संथ होण्याची वेळ साधून निघते आणि त्याच्याबरोबर टगबोटी असतात. त्यांतील एक जहाजाच्या मागे, दोराने बांधलेली असते. ती ओढत नाही, ती धरून ठेवते. जहाजाचे यंत्र किंवा सुकाणू ऐनवेळी बंद पडले, तर तिने तिरके होऊन, आपल्या अंगावर पाणी झेलून त्याचा वेग आणि दिशा आवरायची असते. माझे वडील कपाशीची भरलेली बंडी वणा नदीच्या उतारावरून उतरवताना मागून दोर धरायला दोन माणसे ठेवीत असत, ते मला धक्क्यावर उभ्या उभ्या आठवले.

दोर ढिला ठेवून एकदम हिसका द्यायचा नाही, हा नियम तिथेही तसाच आहे. टग आधी हळूच सरकते, पाण्यात पडलेला दोर वर येतो, त्यातून पाणी निथळते, आणि मगच यंत्राचा आवाज वाढतो. चार वर्षांपूर्वी मी घाई केली होती आणि साखळीची कडी तुटून शेजारच्या मुलाच्या कानाजवळून गेली होती. त्या दिवसापासून ओढताना मी कोणालाही जवळ उभे राहू देत नाही. टगबोटीला तर याहून मोठे भय असते, कारण दोर आडवा ताणला गेला की तो तिलाच उलथवू शकतो. याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतात फेब्रुवारी 2021 मध्ये बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू नौका, ओढणारी इंजेनिका नावाची छोटी टग बुडाली आणि तिच्यावरील तिघांपैकी दोघे गेले. 15 टनांखालच्या अशा टगबोटींवर पुरेशी देखरेख नाही, असे तेथील तपास मंडळाने पुढे नोंदवले. हे वाचल्यानंतर मी त्या माणसांकडे अधिक आदराने पाहू लागलो.

सीबसमधून उतरल्यावर लगेच परतीची बोट धरू नये. लॉन्सडेल क्वेच्या पूर्वेला जुन्या जहाजकारखान्याच्या जागी आता मोकळे चौक आहेत आणि तिथला बरार्ड ड्राय डॉक पिअर पाण्यात बराच आत जातो. तिथे फिरायला पैसे पडत नाहीत. अंधार पडल्यानंतर गेलात, तर टगच्या डोलकाठीवर एकाखाली एक पांढरे दिवे मोजावेत : दोन असतील तर टगपासून मागे ओढल्या जाणाऱ्या ओझ्याच्या शेवटच्या टोकापर्यंतचे अंतर 200 मीटरपर्यंत असते, तीन असतील तर त्याहून जास्त. टगच्या मागच्या टोकाला पांढऱ्या दिव्याच्या वर पिवळा दिवा असतो. मे महिन्यात तिकडे अंधार रात्री नऊनंतर पडतो आणि वारा गार असतो, तेव्हा स्वेटर आणि कानटोपी बरोबर असू द्यावी. संध्याकाळी साडेसहानंतर आणि शनिवार-रविवारी सीबसचे भाडेही कमी लागते.