दीड कोटीचा फ्लॅट की पंधरा कोटींचा? एजंटाने ठरवण्याआधी

ठाण्यात चार-पाच वर्षांत जम बसवलेल्या एजंटाच्या डोक्यात हा हिशेब कधी ना कधी येतोच. घोडबंदर रोडवर दीड कोटीचा टू बीएचके विकला तर एका बाजूची एक टक्का दलाली दीड लाख. वरळीत पंधरा कोटींचा विकला तर पंधरा लाख. मग दहा साईट व्हिजिट कशाला करायच्या?

हिशेब बरोबर आहे, पण अर्धाच. पार्टी मोठी तशी दलालीवरची घासाघीसही मोठी. त्यात मालकाचा एजंट वेगळा, घेणाऱ्याचा वेगळा आणि ओळख करून देणारा तिसराच कोणी. पंधरा लाख हाती येईपर्यंत त्याचे वाटे पडलेले असतात. आणि वेळ? ठाण्यात कर्ज मंजूर झाले की टोकनपासून ॲग्रीमेंटपर्यंतचे काम महिना-दोन महिन्यांत उरकते. वरळीत मालकाला पैशांची नड नसते आणि घेणाऱ्याला राहायला घर असते, त्यामुळे घाई कोणालाच नाही. वर्षभर एकही व्यवहार न होणे तिकडे नवलाचे नाही. वर्षाचा घरखर्च बाजूला काढलेला नसेल, तर तूर्तास ठाणे सोडू नये असे माझे स्पष्ट मत.

ठाण्याचे गिऱ्हाईक हप्त्यात विचार करते. 75 लाखांपुढच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंतच रक्कम देते. म्हणजे दीड कोटीला साडेसदतीस लाख पदरचे, वर सात टक्क्यांनी साडेदहा लाख मुद्रांक शुल्क. हे पैसे कुठून उभे राहतील ते जुळवून देणे, आई-वडिलांची समजूत काढणे, बँकेत खेटे घालणे हेच तिथल्या एजंटाचे खरे काम.

पंधरा कोटींच्या घराला कर्जाचा प्रश्न सहसा येत नाही. तिथे समोर बसतो खरेदीदाराचा सीए, आणि त्याचे प्रश्न कराचे असतात. बांधकाम चालू असलेल्या टॉवरमध्ये पाच टक्के जीएसटी, म्हणजे पंचाहत्तर लाख. ओसी (इमारत वापरायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मिळालेल्या घराला तो शून्य. घर फक्त महिलेच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट, म्हणजे पंधरा लाख वाचले (तुमच्या अख्ख्या दलालीएवढे!). विक्रेता परदेशस्थ असेल तर एक टक्का टीडीएसवर (पैसे देतानाच खरेदीदाराने कापायचा आयकर) भागत नाही. त्याने आयकर खात्याकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र वेळेवर आणले नाही, तर मोठी रक्कम अडकते आणि ठरलेला व्यवहार लटकतो. जुने घर विकून नवे घेणाऱ्याला भांडवली नफ्यावरची सूट एप्रिल 2023 पासून दहा कोटींपर्यंतच मिळते. सल्ला सीएच देईल, पण हे मुद्दे एजंटाला आधीपासून ठाऊक नसतील तर पुढच्या वेळी त्याला फोन येत नाही.

महागड्या घरांतही दोन जाती आहेत. वरळीच्या नव्या टॉवरमध्ये चॅनल पार्टनर, म्हणजे बिल्डरसाठी घरे विकणारा एजंट, म्हणून शिरता येते. कागद बिल्डरचे, ब्रोशर बिल्डरचे, महारेराच्या (राज्याचे गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) संकेतस्थळावर प्रकल्पाची माहिती तयार. पण तेच घर आणखी पन्नास एजंट विकत असतात. मलबार हिल, नेपियन सी रोडच्या जुन्या इमारतींत माल थोडा आणि कागद गुंतागुंतीचे. कुठे सोसायटीऐवजी कंपनीचे शेअर, कुठे पागडी (जुन्या पद्धतीची भाडेकरू हक्काची जागा), कुठे चार वारसांपैकी एकाची सही अडलेली. असे घर पोर्टलवर टाकता येत नाही. मालकाला फोटोसुद्धा नको असतात. शिकायला मलबार हिल अवघड, पण एकदा एखाद्या इमारतीतल्या लोकांचा विश्वास बसला की तिथे स्पर्धा फारशी उरत नाही. दोन्हींत निवड माझ्यावर असती तर मी जुन्या इमारतींच्या मागे लागलो असतो.

इंग्रजी, बूट, भाड्याची मर्सिडीज यांचा बाऊ उगाच केला जातो. वेळेवर पोहोचणे आणि एका पार्टीची गोष्ट दुसरीला न सांगणे एवढे पुरते.

नव्या प्रकल्पातले घर विकायचे तर महारेराची नोंदणी आणि 2023 पासूनचे प्रशिक्षण व परीक्षा ठाण्यालाही लागते, वरळीलाही. व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणे कायद्याने दोन्हीकडे बंद. वर्षाची उलाढाल वीस लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी आली. शिवाय डिसेंबर 2020 च्या अधिसूचनेनुसार मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली ग्राहकाची ओळख पटवून नोंदी ठेवणेही आले. वरळीत ही वीस लाखांची मर्यादा दोन-तीन व्यवहारांतच गाठली जाते.

एकदम उडी मारायची नसेल तर भाड्याची घरे करावीत. ठाण्याचे काम चालू ठेवून वरळी-बीकेसीकडे (वांद्रे-कुर्ला संकुल) कंपन्यांच्या अधिकाऱ्यांसाठी मोठे फ्लॅट भाड्याने लावून द्यावेत. दलाली साधारण एका महिन्याच्या भाड्याइतकी मिळते, पण मालकाशी ओळख होते. गळतीपासून भाडेकरूच्या तक्रारीपर्यंत सगळे नीट निस्तरलेत, तर तोच फ्लॅट विकायला निघेल तेव्हा मालक बहुधा पहिला फोन तुम्हालाच करील.