कासारी बाजारातलं पेग मेजर: आकडा 60 चा आणि मापही 60 चं

मी वाळूजला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर नाहीतर गेज, त्यामुळे माप चुकलेलं मला खपत नाही. गेल्या महिन्यात गुलमंडीजवळच्या कासारी बाजारातून स्टीलचं पेग मेजर, म्हणजे दारू मोजून ओतायचं माप, घेतलं. दोन तोंडांचं, एकीकडे 30 आणि दुसरीकडे 60 मिली, किंमत 240 रुपये. शेजारीच 110 चं पातळ पत्र्याचं होतं, तेही तपासायला म्हणून घेतलं.

स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दोन्ही मोजली. एक मिली पाणी म्हणजे एक ग्रॅम, हिशोब सोपा. व्हिस्की ओतून तपासायला जाऊ नका. 42.8 टक्क्यांची व्हिस्की पाण्याहून हलकी असते, 60 मिलीचं वजन 57 ग्रॅमच्या आतच भरतं आणि चांगलं माप उगाच खोटं ठरतं. 240 वालं काठोकाठ भरून पाच वेळा मोजलं: लहान बाजू 30 ते 31, मोठी 60 ते 61. पत्र्याचं भरलं 26 आणि 53. आकडे मात्र त्याच्यावरही 30 आणि 60 असेच कोरलेले.

ते 53 बघितलं आणि मला दिवाळीच्या आधीची एक संध्याकाळ आठवली. आम्ही तिघं शिफ्ट सुटल्यावर एका परमिट रूमला बसलो होतो. तीन लार्ज मागवले. ग्लास समोर आले तेव्हाच डोळ्याला कमी वाटले. बाजूच्या टेबलावर क्वार्टरची रिकामी बाटली पडली होती, ती मागून घेतली, धुऊन निथळून आणली आणि सोडा घालायच्या आधी तिन्ही ग्लास तिच्यात ओतले. तीन लार्ज म्हणजे 180 मिली, दारू बाटलीच्या मानेपर्यंत यायला पाहिजे. ती खांद्याच्या खालीच थांबली. वेटर म्हणाला, "भाऊ, माप बरोबर हे, तुम्ही काय मोजू राहिले?" त्याच्यावर माझा राग नाही, त्याच्या हातात जे मेजर दिलं त्यानंच तो ओतणार. पण धंद्यात वापरायचं माप वैधमापन खात्याकडून तपासून, शिक्का मारून घ्यावं लागतं. गिऱ्हाइकानं ते मागून बघितलं तर त्यात वावगं काही नाही. तेव्हापासून मी पेग टेबलावर, डोळ्यांसमोर ओतायला सांगतो, नाहीतर सरळ सीलबंद क्वार्टर घेतो.

इंग्लंडच्या पबमध्ये व्हिस्की, रम, जिन, व्होडकाचं माप कायद्यानं ठरलेलं आहे: 25 मिली किंवा 35 मिली, नाहीतर त्यांच्या पटीत. एका पबात दोन्ही मापं चालत नाहीत, आणि आपल्याकडे कोणतं आहे ते पाटी लावून सांगावं लागतं. अशी पाटी आपल्या परमिट रूममध्ये लागली तर मला फार आनंद होईल. मापाचं बघितलं तर तिकडचा सिंगल, म्हणजे एक माप, आपल्या 30 च्या स्मॉलच्या आसपासचाच. आपला लार्ज त्यांना दुपटीच्या घरातला वाटेल.

बिअरवाल्यांनाही हे मेजर दाखवतो. "बिअरच तर आहे," असं आमच्याकडे सर्रास म्हणतात. 650 मिलीची स्ट्राँग आठ टक्क्यांची धरली तर तिच्यात 52 मिली अल्कोहोल झालं. 60 च्या पेगमध्ये साधारण 26 असतं. एक बाटली म्हणजे दोन लार्ज.

मेजरमध्ये खोट आहे ती सांगतो. काठाला ओठ नाही, त्यामुळे ओतताना एखादा थेंब बाहेरून ओघळतो आणि बोटं चिकट होतात. आतून 45 ची रेघ असती तर बरं झालं असतं. दोन वाट्या जिथं जोडल्यात त्या खाचेत पाणी राहतं, धुतल्यावर कापडाची कड फिरवावी लागते. बाकी स्टील जाड आहे, हातातून पडलं तरी पोचा आला नाही.

पैठणला गेलो तेव्हा ते बरोबर नेलं. अण्णा, माझे थोरले भाऊ, रात्री जेवणाआधी घेतात. त्यांचं माप म्हणजे पेल्यात दोन बोटं. डॉक्टरांनाही त्यांनी "दोनच घेतो" असंच सांगितलेलं. पेला रुंद बुडाचा. त्यांना नेहमीसारखं ओतायला लावलं आणि तेच मेजरनं मोजलं. 60 ची बाजू काठोकाठ भरली, पेल्यात उरलेल्यानं 30 ची बाजू जवळपास भरली. म्हणजे त्यांचे "दोन" जवळजवळ अख्खी क्वार्टर होते. अण्णा बराच वेळ मेजर हातात फिरवत बसले. मग वहिनींना म्हणाले, "हे इथंच राहू दे."

म्हणून मी परवा स्वतःसाठी पुन्हा कासारी बाजारात गेलो. 240 वालं संपलंय, आठवड्यानं येईल म्हणाले. पत्र्याची मात्र ढीगभर होती.