उपकरण गेलं, नोंद उरली: घोस्ट नोड काढायचा कसा?

घरातले दिवे वायरलेसने चालवणारं झेड-वेव्ह मॉड्यूल जळालं, की इलेक्ट्रिशियन ते स्विचबोर्डातून काढतो, नवं बसवतो, आपण ते हबला (सगळी स्मार्ट उपकरणं सांभाळणाऱ्या डब्याला) जोडतो आणि विषय संपला असं वाटतं. हबच्या यादीत मात्र जुन्याचा १७ नंबर तसाच असतो. मग कधीतरी जिन्यातला दिवा बटण दाबल्यावर दोन-चार सेकंदांनी लागायला लागतो. या उरलेल्या नोंदीला घोस्ट नोड म्हणतात (नोड म्हणजे जाळ्यातलं एक उपकरण). ती काढायचे चार मार्ग आहेत आणि न काढणं हा पाचवा. कोणता निवडायचा हे तुमच्याकडे झेड-वेव्ह आहे की झिगबी हे दुसरं वायरलेस तंत्र, यावर सगळ्यात आधी ठरतं.

झेड-वेव्हमध्ये निरोप कोणत्या वाटेनं जायचा हे मुख्यतः कंट्रोलर, म्हणजे हबमधला जाळं चालवणारा भाग, ठरवतो. मध्ये जास्तीत जास्त चार उपकरणं निरोप पुढे देऊ शकतात. यादीतला मेलेला नोड कंट्रोलरला जिवंत वाटत असेल, तर तो त्याच्याशी बोलायचा प्रयत्न करतो, उत्तराची वाट पाहतो, पुन्हा प्रयत्न करतो. तेवढा वेळ बाकीचे निरोप खोळंबतात. झिगबीत वाटा राउटरचं काम करणारी, म्हणजे निरोप पुढे देणारी, उपकरणंच आपापसांत शोधतात आणि गप्प झालेल्या शेजाऱ्याला सोडून देतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: झिगबीतली मेलेली नोंद राहिली तरी चालेल, झेड-वेव्हमधली काढा. एकच घोस्ट आहे आणि घर सुरळीत चाललंय, तर आजच काढायची घाई नाही. पण पुढचं उपकरण जोडण्याआधी नक्की काढा. सुरक्षित जोडणी अर्ध्यात फसली की आणखी एक घोस्ट तयार होतो आणि हे प्रकार एकावर एक साचत जातात.

काढण्याआधी तो खरंच मेलाय ना, ते बघा. बॅटरीवरचा सेन्सर बहुतेक वेळ झोपलेलाच असतो आणि हाक मारली तर ओ देत नाही. गच्चीच्या दारावरचा चांगला चालणारा सेन्सर मी घोस्ट समजून काढून टाकला होता. तो पुन्हा जोडून त्याचे सगळे नियम नव्याने लिहिण्यात अख्खी संध्याकाळ गेली. आता मी आधी घरभर फिरून प्रत्येक सेन्सरचं बटण दाबून त्याला जागं करतो. खऱ्या घोस्टच्या नोंदीत बहुधा कंपनीचं नाव नसतं, मॉडेल नसतं आणि कोणतीही वाट दाखवलेली नसते.

पहिला मार्ग हबमधूनच काढण्याचा. होम असिस्टंट या स्मार्ट घराच्या सॉफ्टवेअरमध्ये बिघडलेलं उपकरण काढण्याची सोय आहे, इतर हबमध्येही अशीच काहीतरी असते. कंट्रोलर त्या नंबरला हाक मारतो आणि उत्तर आलं नाही तरच नोंद पुसतो. बरेचजण अडतात ते इथेच. जोडणी फसलेलं उपकरण भिंतीत जिवंत असतं, हाकेला उत्तर देतं आणि कंट्रोलर नकार देतो. अशा वेळी त्या खोलीचा एमसीबी पाडा (बॅटरीचं असेल तर सेल काढा) आणि मग पुसा. एकदा जमलं नाही तर पाच-सहा वेळा करून बघा, खरंच जमतं. दहापैकी आठ घरांना एवढंच पुरेल असं मला वाटतं, म्हणून सुरुवात इथूनच करा.

जळालेल्याच्या जागी अगदी त्याच मॉडेलचं नवं बसवायचं असेल, तर पुसण्यापेक्षा बदलण्याची सोय सरस. नवं उपकरण जुनाच नंबर घेतं आणि त्यावर लिहिलेले नियम बहुतेक तसेच राहतात. मॉडेल वेगळं असेल तर हा हट्ट धरू नका.

हब ऐकतच नसेल, तर झेड-वेव्हची यूएसबी स्टिक. ती दुय्यम कंट्रोलर म्हणून हबच्या जाळ्यात जोडायची, विंडोज लॅपटॉपवर सिलिकॉन लॅब्सचा पीसी कंट्रोलर हा प्रोग्राम चालवायचा, यादीतून घोस्ट निवडायचा, तो बिघडल्याची खात्री करायची आणि काढायचा. हबच्या सोप्या पडद्याआड लपलेली सगळी यादी इथे उघडी दिसते. खर्च स्टिकचा आणि एका सुट्टीच्या दिवसाचा. स्टिक घेताना भारताची ८६५.२ मेगाहर्ट्झ फ्रिक्वेन्सी आहे ना ते तपासा. अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकांकडून मागवाल तर तिथली उपकरणं ९०८.४२ च्या आसपास चालतात. ७०० आणि ८०० सीरिजच्या स्टिकमध्ये प्रदेश (म्हणजे कोणत्या देशाची फ्रिक्वेन्सी) सॉफ्टवेअरमधून बदलता येतो, जुन्या ५०० सीरिजच्या स्टिकमध्ये तसं नाही. आणि काम झालं की स्टिक स्वतः रीतसर एक्सक्लूड करायला, म्हणजे जाळ्यातून काढायला, विसरू नका. नुसती उपटून ड्रॉवरमध्ये टाकलीत तर तीच पुढचा घोस्ट होते.

शेवटचा मार्ग म्हणजे कंट्रोलर रीसेट करून घर नव्याने जोडणं. आपल्याकडे मॉड्यूल स्विचबोर्डाच्या मागे असतात, त्यामुळे ऐकताच घाम फुटतो. पण अनेक मॉड्यूल भिंतीवरचंच बटण भरभर तीनदा दाबून एक्सक्लूड आणि पुन्हा जोडता येतात, प्रत्येक बोर्ड उघडावा लागत नाही. आठ-दहा उपकरणं आणि पाच-सहा घोस्ट असतील तर मी हाच मार्ग घेईन. चाळीस उपकरणं असतील तर स्टिक. या दोन्हींच्या आधी, सोय असेल तर, कंट्रोलरच्या मेमरीचा बॅकअप घ्या. जुना बॅकअप परत टाकणं हा मात्र उपाय नाही. त्यात तेव्हाचे घोस्टही परत येतात आणि नंतर जोडलेली उपकरणं यादीतून जातात.

झिगबीत अडचण उलटी असते. तिथे मेलेल्यापेक्षा जिवंत उरलेलं उपकरण त्रास देतं. झिगबी-टू-एमक्यूटीटी या झिगबी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जबरदस्तीने काढलं तर नोंद फक्त डेटाबेसमधून जाते. उपकरणाकडे जाळ्याची किल्ली (आत शिरायचा गुप्त कोड) असतेच आणि ते पुन्हा यादीत उगवू शकतं. म्हणून साधी काढण्याची आज्ञा द्या आणि बॅटरीचा सेन्सर असेल तर त्याच वेळी त्याचं बटण दाबून जागं ठेवा, म्हणजे निरोप त्याच्यापर्यंत पोहोचेल. ते शक्य नसेल तर उपकरण हाताने फॅक्टरी रीसेट करा. जुना बल्ब कुणाला द्यायचा असेल तर हे आवर्जून करा.

मॅटर या अनेक कंपन्यांच्या सामायिक मानकाची उपकरणं घेणार असाल तर एवढंच लक्षात ठेवा: एकच उपकरण अनेक ॲपच्या जाळ्यांत असू शकतं आणि किमान पाच जाळ्यांची सोय त्यात असावीच लागते. एका ॲपमधून काढलं तरी बाकीच्यांत ते राहतंच. जुन्या फोनमधल्या ॲपने अडवून ठेवलेली जागा सोडवायला उपकरणावरचं रीसेटचं बटणच सगळ्यात जवळचा रस्ता.