सांगलीत बाळ सांभाळायला कोण: ओळखीची मावशी, ब्युरोची बाई की पाळणाघर?

बाळंतपणाची 26 आठवड्यांची रजा संपत आली की सांगली-मिरजेतल्या नोकरदार घरात हा प्रश्न उभा राहतोच. आजी गावी, आईची ड्युटी मिरजेच्या दवाखान्यात सकाळी आठची, बाबा कुपवाड एमआयडीसीत. वाटा तीन: ओळखीची मावशी, घरकामाला बायका पुरवणाऱ्या ब्युरोची बाई किंवा पाळणाघर. पण तिन्ही पारखताना आपण बहुतेक फक्त आपलीच काळजी मोजतो. ती बाईसुद्धा परक्या घरात एकटी येणार असते. तिची काळजी मोजली की निवड नीट होते, असं माझं ठाम मत आहे.

ओळखीतून मावशी मिळणं हा इथला जुना रस्ता. धुणंभांडीवाल्या ताई सांगतात, "माझी जाऊ आहे, हाताला स्वच्छ आहे." तिचं घर कुठल्या गल्लीत, घरी कोण कोण, हे तुम्हाला कळतं. तीही ताईंकडून तुमची चौकशी करूनच होकार देते: पगार वेळेवर होतो का, खाडे कापतात का, दुपारी घरात पुरुषमाणूस कोण असतो. दोन्हीकडची पारख अशी बोलता बोलता होते. तोटा भिडेचा. ओळखीत कागद कसा मागायचा म्हणून राहून जातं, आणि पुढे काही खटकलं की तोंड उघडणं दोघींनाही जड जातं.

म्हणून भीड पहिल्या दिवशीच सोडा. आधारची प्रत घ्या. शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधारही चालतं. मूळ कार्ड मात्र ठेवून घेऊ नका. तिची माहिती पोलिस ठाण्यात द्या आणि देणार आहोत हे तिला आधी सांगा. आधीच्या घरी फोन करताना "बाई कशी आहे?" विचारलं तर "चांगली आहे" एवढंच ऐकायला मिळेल. त्यापेक्षा विचारा: बाळाला ताप आला तेव्हा तिने फोन कधी केला? काम का सुटलं? आणि तुमच्याकडे आधी काम केलेल्या बाईचा नंबर तिला स्वतःहून द्या. असा एकही नंबर देता येत नसेल, तर तिला शंका येणं रास्त आहे.

मग एक आठवडा तुम्ही घरात असताना तिला बोलवा, पगार देऊन. बाहेरून आल्यावर ती हात धुऊनच बाळाला घेते का, दुधाचा थेंब आधी मनगटावर टाकून बघते का, बाळ रांगत असताना लक्ष मोबाईलमध्ये जातं का, हे तेवढ्यात दिसतं. तिलाही बरंच दिसतं. दिवसभर बाळ कडेवर घेणाऱ्या बाईला संडाससाठी खाली वॉचमनकडे पाठवणारी घरं अजून आहेत, याची मला चीड येते. अशा घरात चांगली मावशी टिकत नाही.

ब्युरोचा फायदा म्हणजे बाई लवकर मिळते, आणि एक गेली तर दुसरी येते. "पोलिस व्हेरिफिकेशन झालंय" असं सांगतील. तो कागद आणि त्यावरची तारीख बघितल्याशिवाय धरून चालू नका. कमिशन तिच्या पगारातून कापतात का, तेही तिला वेगळं विचारा. तुमच्या घराबद्दल मात्र ब्युरो तिला पत्त्यापलीकडे सहसा काही सांगत नाही, म्हणून रात्रपाळीसाठी हा रस्ता मला कमी पटतो. आणि मुलगी 18 वर्षांची आहे याचा पुरावा नसेल तर तिथेच थांबा.

पाळणाघरात सगळ्यांची नजर असते, बाळ एकाच व्यक्तीच्या हाती नसतं. दोन वर्षांपुढच्या मुलासाठी मी तेच निवडेन. न सांगता दुपारी जाऊन बघा: किती मुलांमागे किती बायका, गॅलरीला जाळी आहे का, मुलाला न्यायला आलेल्या माणसाची ओळख विचारतात का. सहा-सात महिन्यांच्या बाळाला मात्र सर्दी-खोकला सारखा होतो. त्या वयाला नीट पारखलेली ओळखीची मावशीच बरी.

घरात कॅमेरा लावणार असाल तर कुठे आहे ते तिला दाखवा. ती कपडे बदलते किंवा विसावा घेते तिथे नको; चोरून चित्रण हा गुन्हा आहे. घरात तिचा लैंगिक छळ झाला तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करू शकते, साधारणपणे तीन महिन्यांच्या आत. हे तिला माहीत असलेलं बरं, आणि तुम्हालाही. बाळाबाबत शंका आली तर मुलांसाठीची चाइल्ड हेल्पलाइन 1098.

पगार, सुट्ट्या, उचल, कामाची वेळ हे कागदावर लिहून दोघांकडे एकेक प्रत ठेवा. त्यात पुराची ओळही घाला. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 40 फुटांच्या इशारा पातळीला पोचली की सखल भागात राहणाऱ्या मावशीला स्वतःचं घर आवरायचं असतं. त्या दिवसांचे खाडे कापायचे नाहीत आणि बाळाला कोण बघणार, हे जूनमध्येच ठरवा.