फेस मारायचा दोन लिटरचा पंप : चार महिन्यांनंतर

गाडी धुवायला पंप हवा म्हणून मे महिन्यात आधी बाबांकडे मागून बघितला. आमच्या गोव्यातल्या सावईवेऱ्याच्या घरी पंप म्हणजे कुळागरात (सुपारीच्या बागेत) पोफळींवर बोर्डो हे बुरशीचं औषध मारायचा पंप. मृग तोंडावर आला की तो दुसऱ्या कुणाच्या हाती लागत नाही. बाबांनी वरसुद्धा बघितलं नाही. "पिसो जाला मरे तूं?" (वेडा झालास का?) एवढंच म्हणाले. मला तेव्हा तो कंजूषपणा वाटला, पण त्यांचं बरोबर होतं. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचुदातलं तांबं ॲल्युमिनियमला खातं, आणि पंप कितीही विसळला तरी नळीत निळसर थर राहतोच. माझ्या बुलेटच्या इंजिनाचं कवच ॲल्युमिनियमचंच आहे.

मग ऑनलाइन ४८० रुपयांचा, दोन लिटरचा, दांडा वर-खाली करून हवा भरायचा, फेस मारणारा पंप मागवला. कुरिअरवाल्याला आमचा रस्ता सापडेना. गुरुवार होता, बाणस्तारीचा बाजार भरलेला. तिथे सुक्या मासळीवाल्यांच्या समोर उभा राहून पार्सल घेतलं. खोक्याला तो वास दोन दिवस होता, त्याचे गुण मी कापत नाही.

याच्या आधी शहाणपणा करून साडेसहा हजारांचं प्रेशर वॉशर, म्हणजे जोराच्या धारेने धुणारं विजेचं मशीन, घेतलं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण निम्मा दोष माझाच. त्याला आत येणारं पाणी जोराचं लागतं. आमची टाकी छपरावर, नळ अंगणात, मध्ये जेमतेम बारा फुटांची उंची. मशीन पाण्याऐवजी हवा ओढायचं आणि दमेकऱ्यासारखं धापा टाकायचं. पावसाळ्यात विहिरीचं पाणी जरा गढूळ झालं की तोंडाकडची जाळी तांबड्या गाळाने बंद. मशीन थांबवा, जाळी काढा, दात घासायच्या ब्रशने घासा, परत लावा. ओल्या अंगणात विजेची वायर पसरलेली बघून आई पायरीवरून ओरडायची ती वेगळीच.

हेही चाललं असतं. पण गेल्या ऑक्टोबरात मागचं चाक घरघरायला लागलं. म्हार्दोळच्या मेकॅनिकने चाक उघडून बेरिंग माझ्या तळहातावर ठेवलं. ग्रीसचं ताक झालं होतं, पांढरट, पातळ, आणि आत गंज. "कितें मारतालो हाका?" (काय मारायचास याला?) त्याने विचारलं. मी वॉशरचं सांगितल्यावर तो नुसता हसला. बेरिंगच्या बाजूचं रबरी सील पावसाचं पाणी अडवायला असतं, १०० बार दाबाच्या धारेला नाही. वीतभर अंतरावरून नळी धरून चाकाच्या मधोमध चिखल उडवायचा म्हणजे पाण्याला आत बोलावणं. हँडलखालच्या कोनसेटचंही (हँडल ज्यावर वळतं त्या बेरिंगचंही) तेच. हॉर्नच्या बटणात पाणी जाऊन त्याच आठवड्यात हॉर्न आपोआप वाजायला लागला होता, तोही जुने गोव्याच्या चर्चसमोर, रविवारी सकाळी. ते मशीन आता आत्येभाऊ चिऱ्याच्या गडग्यावरचं (कुंपणाच्या भिंतीवरचं) शेवाळ काढायला वापरतो. त्या कामाला ते एक नंबर आहे.

पंपाचं काम धूळ उडवायचं नाही, भिजवायचं आहे. हा फरक कळायला मला दोनदा गाडी धुवावी लागली. आमच्याकडची तांबडी माती वाळली की पत्र्याला धरून बसते. कोरड्या कपड्याने पुसली तर त्यातले बारीक कण रंगावरून फिरतात, आणि उन्हात टाकीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात. काळ्या टाकीवर तर जास्तच. म्हणून आधी पंपात साधं पाणी भरून पूर्ण गाडी भिजवायची. मग गाडीचा शाम्पू घालून फेस मारायचा आणि पाच मिनिटं हात लावायचा नाही. मी तेवढ्यात चहा पितो. माती मऊ होऊन फेसाबरोबर खाली ओघळते, चाकाखालचा फेस गुलाबी होत जातो. ते बघायला मला आवडतं, लपवत नाही. मग बालदीने पाणी सोडायचं, आणि त्यानंतरच मायक्रोफायबरचा हातमोजा. बालद्या दोन, एक शाम्पूची, एक मोजा विसळायची. विसळायच्या बालदीच्या तळाशी जो गाळ बसतो, तो एरवी टाकीवरून फिरला असता.

फेस व्हिडिओत दिसतो तसा दाट येत नाही. दाढीच्या साबणासारखा थर हवा असेल तर ४८० रुपयांत तो मिळणार नाही. हा फेस पातळ, बुडबुडे फुटल्यासारखा, उभ्या पत्र्यावर मिनिटभर टिकतो आणि घसरतो. पण आमच्या विहिरीचं पाणी मऊ आहे, साबणाला लगेच फेस येतो, त्यामुळे शाम्पू कमी घालून भागतं. दीड लिटर पाण्याला एक झाकण. पंप दोन लिटरचा म्हणून दोन लिटर भरायला जाल तर हवेला जागाच राहत नाही, दोन वेळा फुस्स करून बंद पडतो. हे खोक्यावर कुठेही लिहिलेलं नाही.

कपड्यांची पावडर घालू नका. आमच्या वाड्यावर निम्मे लोक तेच करतात. पावडरीतला सोडा रंगावरचं मेण काढून टाकतो आणि इंजिनाच्या ॲल्युमिनियमवर पांढरट डाग उठवतो. ते डाग मग घासून जात नाहीत. भांड्यांच्या साबणानेही मेण जातंच. आणि गाडी उन्हात धुवायची नाही. मी फणसाखाली लावतो, सकाळी आठच्या आत. फणसाच्या चिकाचं मात्र बघावं लागतं.

माझं रोजचं जाणं-येणं पणजीला, पन्नास-पंचावन्न किलोमीटर. त्यात रायबंदरचा जुना पोर्तुगीज कॉजवे (पाणथळ जागेतून बांधलेला रस्ता) येतो. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरांची जमीन आणि खारफुटी. संध्याकाळी तिथून आलं की हेल्मेटच्या काचेवर बोट फिरवून चाटलं तर खारट लागतं. (चाटून बघितलंय.) माती निदान दिसते, मीठ दिसत नाही. ते स्पोकच्या मुळाशी, मडगार्डच्या आतल्या नटांवर, सायलेन्सरच्या क्लॅम्पखाली बसतं आणि दमट हवेत ओलं होऊन गंज चालू करतं. या पंपाची खरी किंमत मला इथे वसूल झाली. दर दोन दिवसांनी संध्याकाळी साधं पाणी भरून फक्त स्पोक, मडगार्डची आतली बाजू आणि इंजिनाखालचा भाग. सात-आठ मिनिटं. नळी ओढायची नाही, वायर लावायची नाही, कपडे भिजत नाहीत. दर दोन दिवसांनी प्रेशर वॉशर बाहेर काढायचा आळस मला कधीच जिंकता आला नसता.

गंजावर बाबांचा उपाय खोबरेल. कोयत्याला, पारईला ते खोबरेल चोळून ठेवतात आणि त्यांची हत्यारं खरंच चकचकीत असतात. मी जूनमध्ये स्पोकना लावून बघितलं. तिसऱ्या दिवशी प्रत्येक स्पोकला धुळीचा तांबडा मोजा चढला होता. कोयता भिंतीला टांगलेला असतो, चाक रस्त्यावर फिरतं. आता धुऊन, सुकवून स्पोकच्या मुळाशी डब्ल्यूडी-४० चा हलका हात मारतो आणि जास्तीचं पुसतो. पाणी हटवण्यासाठीच ते बनलं, नावातला डब्ल्यूडी त्याचाच आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. पण त्याला साखळीचं वंगण समजू नका, आणि ब्रेकच्या डिस्कवर एक थेंबही जाऊ देऊ नका. डिस्कवर गेलं तर उताराला ब्रेक मारल्यावर कळतं.

साखळीसाठी पंपाचा काही उपयोग नाही. रॉकेल, जुना ब्रश, कोरडं फडकं, मग मोटुल सी-२ हे साखळीचं वंगण साखळीच्या आतल्या बाजूने, आणि रात्रभर तशीच. पाचशे किलोमीटरला एकदा म्हणतात, म्हणजे मला दहा कामाचे दिवस, पावसात त्याहून आधी. माझ्या साखळीला ओ-रिंग (रबरी कड्या) आहेत, म्हणून पेट्रोल अजिबात नाही, रबर फुगतं. आणि गाडी मेन स्टँडवर लावून, गिअर टाकून, इंजिन चालू ठेवून साखळी पुसणारे बघितले की मला तिथेच थांबून त्यांची बोटं मोजाविशी वाटतात. चाक हाताने फिरवा.

आता पंपाच्या तक्रारी. पहिली : हवा टिकत नाही. वीस-पंचवीस दांडे मारले की अर्धी गाडी होते, मग परत दांडे. पूर्ण गाडीला चार खेपा. चाप सतत दाबून धरावा लागतो, अंगठा दुखतो. चापाला अडकवण आहे, पण माझं दुसऱ्याच महिन्यात तुटलं. दुसरी : तोंडातली स्पंजाची चकती. फेस तीच करते, आणि शाम्पू वाळला की तीच बंद पडते. प्रत्येक वेळी शेवटी साधं पाणी भरून अर्धा मिनिट मारलं तर त्रास नाही. मी एकदा विसरलो, चवथीच्या गडबडीत पंप साबणासकट आठवडाभर पडवीत राहिला. चकती दगडासारखी. कोमट पाण्यात रात्रभर ठेवून सुटली, पण फेस पूर्वीसारखा राहिला नाही. तिसरी : खालची बाजू. नळी नाही, तोंड वळत नाही, त्यामुळे इंजिनाखाली मारायला पंप जवळजवळ आडवा धरावा लागतो, आणि आडवा धरला की आतल्या नळीचं टोक पाण्याबाहेर येतं. मी फणसाच्या मुळावर बुड टेकून बसतो आणि तिरका धरतो.

सायलेन्सरच्या तोंडात प्लॅस्टिकची पिशवी कोंबायची सवय मला वॉशरच्या दिवसांत लागली. पंपाला तिची गरज नाही, पण अजून कोंबतो. पिशवी काढायला विसरून गाडी चालू केली तर ती बाजारापर्यंत ऐकू येते.

पाण्याचा हिशेब एकदा मांडला. पंप भरून चार-पाच वेळा आणि बालद्या तीन, सगळं मिळून पन्नास लिटरच्या आत. वॉशर मिनिटाला पाच-सहा लिटर प्यायचं आणि माझी वीस मिनिटं सहज जायची. आमच्या विहिरीला जूनमध्ये त्याचं काही नाही, पण एप्रिल-मेमध्ये पाट आणि पोफळी आधी, बुलेट नंतर. तेव्हा आई माझ्या बालद्या मोजते.

स्कूटर असेल तर डोळे मिटून घ्या, एका भरण्यात होईल. बुलेट किंवा तिच्याएवढी गाडी असेल तर घ्या, पण दुखऱ्या अंगठ्याची तयारी ठेवा. खाणपट्ट्यात राहत असाल, उसगाव-डिचोलीकडे, आणि ट्रकच्या मागचा चिखल रोज अंगावर घेत असाल, तर हा एकटा पुरणार नाही. तिथे आधी नळाची लांब पाइप हवी. मी पाचात साडेतीन देतो. तुटलेल्या अडकवणीचा अर्धा गुण कापला आहे.

दांड्याच्या बुडाशी एक रबरी वायसर आहे, ती चार महिन्यांत सैल होते आणि दांडा मारताना पाणी वर येतं. नवी मागवायची गरज नाही. फोंड्याला वरच्या बाजारात फवारणीच्या पंपांचे भाग मिळतात, तिथे त्याच मापाची दहा रुपयांना मिळाली. दोन घ्या, आणि बसवताना बोटाने थोडं व्हॅसलीन लावा.